थंडीचा महिना: आधी बाहेर जायच्या संध्याकाळी लिहा, मग भांडी चढवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरात चार माणसं. थंडीच्या महिन्यात रोज रात्री गरम, पोटभर जेवण हवं असतं. आठवड्यातून एकदा बाहेर जेवायची आणि एकदा नाटक, सिनेमा किंवा गाण्याला जायची हौस आहे. महिन्यातून दोनदा मित्रमंडळी घरी येतात. पण सगळा वेळ ओट्याशी जातो, बाहेर जेवून आलं की घरातलं शिल्लक तसंच पडून खराब होतं, आणि महिना संपताना मजेपेक्षा दमणूकच जास्त आठवते. मग महिन्याचा बेत आखायचा कसा?

घरचा स्वयंपाक करायला लागून मला २६ वर्षं झाली. त्यातली १४ वर्षं मी स्वयंपाकाचे वर्गही घेते. हाच प्रश्न दर थंडीत कुणी ना कुणी विचारतं, आणि विचारणाऱ्यांच्या हातात बहुतेकदा पदार्थांची एक लांबलचक यादी असते. सोमवारी हे, मंगळवारी ते. ती यादी बाजूला ठेवा. एक कोरं कॅलेंडर घ्या आणि त्यावर आधी बाहेर जायच्या संध्याकाळी लिहा. तिकिटं कधीची आहेत, जेवायला कधी जायचंय, पाहुणे कधी येणार आहेत. या तारखा हलत नाहीत. पदार्थ हलवता येतात. आपण नेमकं उलटं करतो. आधी पदार्थ ठरवतो, मग नाटकाचं तिकीट मिळतं आणि भिजवलेले राजमे फ्रिजमध्ये वाट बघत बसतात.

आकडे मांडून बघा. चार आठवडे म्हणजे २८ संध्याकाळी. ४ बाहेर जेवायच्या गेल्या की उरल्या २४. त्यांतल्या २ पाहुण्यांच्या, म्हणजे उरल्या २२. आठवड्याला दोनदा मोठं भांडं चढवायचं आणि प्रत्येक भांडं दोन संध्याकाळी पुरवायचं, की ८ भांड्यांत १६ संध्याकाळी भागतात. राहिल्या ६. त्या दिवशी वीस-पंचवीस मिनिटांत होणारं काहीही करा: अंडी, मसुराचं सूप, भात आणि परतलेली भाजी. महिन्याभरात तास-दोन तास ओट्याशी उभं राहायचे दिवस पाहुणे धरूनही १०च निघतात. आणि मुख्य गोष्ट, भांड्याची दुसरी संध्याकाळ कार्यक्रमाच्या तारखेवर आणायची. गुरुवारी गाणं असेल तर भांडं बुधवारी चढेल. गुरुवारी फक्त गरम करायचं, जेवायचं आणि निघायचं.

हे जमण्यासाठी कोणता पदार्थ दुसऱ्या दिवशी चांगला लागतो आणि कोणता पडतो, हे ओळखता यायला हवं. थंडीचा सगळा स्वयंपाक माझ्या मते याच एका जाणिवेवर चालतो, म्हणून इथे जरा थांबते.

हाडासकट शिजवलेलं मांस, कडधान्यांचा दाट रस्सा, कंदमुळांचं सूप, टोमॅटोचा आटवलेला सॉस हे सगळे मुरणारे पदार्थ. मुरणं म्हणजे नक्की काय होतं? मसाल्यांचे बरेचसे सुवास तेला-तुपात विरघळतात आणि रात्रभरात स्निग्धांशाबरोबर सगळीकडे पोचतात. मीठ आणि आंबटपणा रश्श्यातून हळूहळू बटाट्याच्या, मांसाच्या फोडींच्या आत शिरतो. मांसातले चिवट पांढरे पडदे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे असतात. ७० ते ८० अंश सेल्सिअसच्या आसपास तास-दोन तास राहिलं की त्याचं जिलेटिन होतं, आणि गार झाल्यावर तेच जिलेटिन रश्श्याला अंगचा दाटपणा देतं. म्हणून असल्या भांड्याला पहिल्या दिवशी चव थोडी कमी वाटली तर घाईने मीठ-मसाला वाढवू नका. दुसऱ्या दिवशी चाखा, मग ठरवा. माझ्या वर्गात येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची पहिली चूक हीच असते.

पडणारे पदार्थही सांगते. मासे, कुरकुरीत तळलेलं, पालेभाजी आणि लिंबाच्या रसावर उभी असलेली कुठलीही गोष्ट. हे त्याच दिवशी करा, त्याच दिवशी संपवा. कोरडं भाजलेलं मांसही दुसऱ्या दिवशी शिळकट लागतं, कारण शिजलेल्या मांसातली चरबी हवेशी संयोग पावून जुनाट वास धरते. तेच मांस रश्श्यात पूर्ण बुडवून ठेवलं की हवा कमी लागते आणि वास बराच टळतो. रस्सा फोडींच्या वर अर्धं बोट तरी असू द्या.

दुसऱ्या संध्याकाळी तेच भांडं जसंच्या तसं ताटात आलं की घरातले कंटाळतात, आणि त्यांचं चुकत नाही. गरम करताना हलके सुवास उडून जातात, ते परत आणावे लागतात. त्यासाठी शेवटी एक ताजी गोष्ट लागते. कडकडीत तेलात लसूण आणि मिरचीची फोडणी, मूठभर चिरलेली कोथिंबीर, लिंबाची साल किसून, भाजलेल्या तिळांची पूड, नाहीतर चमचाभर घट्ट दही. पाच मिनिटांचं काम आहे. पहिल्या दिवशी भाताबरोबर खाल्लेला हरभऱ्यांचा रस्सा दुसऱ्या दिवशी थोडा घोटून, पाणी वाढवून सूप म्हणून येऊ शकतो, सोबत भाजलेला पाव. चव ओळखीची राहते आणि जेवण नवं होतं.

आता जी गोष्ट मी वर्गात सगळ्यात जास्त वेळा बोलते ती. थंडीत स्वयंपाकघर गार असतं, म्हणून झाकलेलं भांडं रात्रभर ओट्यावर राहिलं तर चालतं, असा समज फार पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. मी स्वतः एका थंडीत आठ लिटरचं भरलेलं पातेलं झाकून ओट्यावर ठेवलं होतं. हात लावला की बाहेरून बर्फासारखं गार. सकाळी डाव घातला तर मधला रस्सा अजून कोमट होता, आणि वर आणेपर्यंत त्याला बुडबुडे आले होते. सगळं ओतून द्यावं लागलं. दाट रस्सा स्वतःच उष्णता धरून ठेवतो, कडेचा थर गार होतो आणि पोटात तासन् तास तेच तापमान राहतं जे जिवाणूंना मानवतं. ५ ते ६० अंशांचा हा सगळा पट्टा धोक्याचा. त्यातून अन्न लवकर बाहेर काढायचं.

त्यासाठी खटाटोप काही नाही. जेवणं झाली की उरलेला रस्सा उथळ डब्यांत काढा, दोन इंचांपेक्षा जास्त उंच थर नको. डबे थंड पाण्याच्या परातीत ठेवा आणि अधूनमधून ढवळा. आच बंद केल्यापासून दोन तासांच्या आत ते फ्रिजमध्ये गेले पाहिजेत. फ्रिज ४ अंशांच्या आसपास असावा. असं ठेवलेलं शिजलेलं अन्न तीन, फार तर चार दिवस खायचं. गरम करताना मधोमध वाफ फुटेपर्यंत, म्हणजे ७५ अंशांच्या वर न्यायचं. भात मात्र वेगळा मोजा. तांदळावर बॅसिलस सिरीयस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात आणि ते शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला की ते जिवाणू वाढतात आणि जे विष तयार करतात ते पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून भात पसरून पटकन गार करावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशीच संपवावा. रस्सा दोन संध्याकाळींचा करा, भात शक्यतो रोजचा ताजा लावा.

कडधान्यं हा थंडीचा मोठा आधार, आणि थंडीच त्यांना त्रास देते. पाणी गार असलं की दाणा सावकाश फुगतो. एरवी आठ तासांत भिजणारे हरभरे गारठ्यात बारा तासांनंतरही आत पिठूळ राहतात. भिजवताना कोमट पाणी घ्या आणि लिटरभर पाण्याला १५ ग्रॅम, म्हणजे साधारण तीन सपाट चहाचे चमचे मीठ घाला. मिठामुळे साल मऊ होते आणि शिजताना फुटत नाही. भिजवायचं विसरलात तर दाणे पाण्यात दोन मिनिटं उकळून झाकून तासभर ठेवा, काम भागतं. टोमॅटो किंवा कुठलाही आंबटपणा दाणा पूर्ण मऊ झाल्यावरच घालायचा, कारण आम्लात दाण्याची पेशीभिंत कडक राहते आणि मग कितीही शिजवा, टोचतच राहतो. मसुराला भिजवणं लागत नाही, म्हणून तो माझ्या त्या सहा घाईच्या संध्याकाळींपैकी दोन तरी उचलतो.

राजम्याबद्दल एक इशारा, विशेषतः मंद आचेचा विजेचा कुकर सकाळी लावून दिवसभर बाहेर जाणाऱ्यांसाठी. कच्च्या लाल राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं द्रव्य असतं. चार-पाच दाण्यांनीही उलट्या सुरू होऊ शकतात. खळखळत्या उकळीने ते नष्ट होतं, पण ८० अंशांच्या आसपास रेंगाळलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त घातक ठरू शकतो. मंद आचेच्या कुकरात नेमकं तेच घडू शकतं. राजमा किमान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच मंद आचेवर सोडा. शिट्टीच्या कुकरात हा प्रश्न येत नाही, कारण आतलं तापमान १२० अंशांच्या जवळ जातं.

कुकरचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हे भांडं जन्माला आलं तेच मुळी जेवण आणि करमणूक एकत्र घेऊन. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये वाफेच्या दाबावर शिजवणारं भांडं बनवलं. १२ एप्रिल १६८२ रोजी रॉयल सोसायटी या शास्त्रज्ञांच्या संस्थेची मंडळी त्या भांड्यात शिजलेल्या जेवणाला जमली. जॉन एव्हलिन हा इंग्रज लेखक त्यात होता आणि त्याने रोजनिशीत सगळं लिहून ठेवलं आहे: गाई-मेंढ्यांची कठीण हाडं चीजसारखी मऊ झाली, कोळसा अगदी थोडा लागला, हाडांची स्वच्छ, चवदार जेली झाली आणि मंडळी खूप हसली-खेळली. त्या जेलीचा एक पेला त्याने बायकोसाठी घरी पाठवला. नोंद वाचल्यावर मला प्रत्येक वेळी वाटतं, पाहुण्यांना बोलवायचं तर असं बोलवावं, की भांडं उघडणं हाच त्या रात्रीचा कार्यक्रम होईल.

पाहुण्यांच्या दोन संध्याकाळींचा बेत म्हणूनच मी एका भांड्यावर ठेवते. पाच पदार्थ केले की यजमान आत आणि गप्पा बाहेर. एकच मोठं भांडं, भरपूर पाव, एक कच्ची कुरकुरीत कोशिंबीर आणि आदल्या दिवशी करून ठेवलेलं गोड. भांडं टेबलावरच ठेवा, ज्याला हवं तो घेईल. पत्ते किंवा पटावरचा खेळ मांडणार असाल तर खेळताना खायच्या वस्तू कोरड्या ठेवा: भाजलेले शेंगदाणे, सुक्या भाज्यांचे काप, पावाचे छोटे चौकोन. तेलकट बोटांनी पत्ते एका संध्याकाळीत खराब होतात. रस्सा खेळाच्या आधी तरी द्या नाहीतर नंतर.

आणि ताटं गरम करा. खरंच करा. गारठ्यात चिनी मातीचं ताट पंधरा-सोळा अंशांवर असतं, त्यावर वाढलेलं गरम जेवण दहा मिनिटांत कोमट होतं, आणि कोमट जेवणातून वासाचे कण कमी उडतात, म्हणून ते बेचव लागतं. दोन तास खपून केलेला रस्सा थंड ताटामुळे पडतो. वाडगे उकळत्या पाण्याने भरून पाच मिनिटं ठेवा, ओता, पुसा, वाढा. थंडीत तहानही कमी लागते, त्यामुळे पाणी कमी प्यायलं जातं. रोजच्या जेवणात एक पातळ गरम पदार्थ असावा असा माझा आग्रह आहे तो त्यासाठीही.

खरेदी आठवड्यातून एकदाच करायची असेल तर भाज्या टिकण्याच्या क्रमाने खा. पालेभाज्या पहिल्या तीन दिवसांत, फुलकोबी-ब्रोकोली मधल्या दिवसांत, कोबी, गाजर, बीट, भोपळा शेवटी. गाजर-बिटाचा पाला घरी आणल्याबरोबर कापा, तो कंदातलं पाणी ओढत राहतो. बिटाचा देठ बोटभर ठेवा, म्हणजे शिजताना रंग वाहून जात नाही. बटाटे फ्रिजमध्ये नकोत. फार थंडीत बटाटा आपल्या पिठाची साखर करतो, मग तळताना किंवा भाजताना तो आतून शिजायच्या आधीच काळा पडतो. सात ते दहा अंशांची अंधारी, हवेशीर जागा त्याला सगळ्यात चांगली. कांदे जवळ नकोत. गाजर आणि कोबीच्या बाबतीत मात्र हाच गारठा आपल्या कामी येतो: शेतात थंडी खाल्लेलं गाजर पेशीतलं पाणी गोठू नये म्हणून साखर वाढवतं आणि गोड लागतं. असलं गाजर मिळालं तर त्याला मसाल्यात बुडवू नका. थोडं लोणी, मीठ, झाकण, मंद आच, बस्स.

पावाबद्दल दोन शब्द, कारण थंडीच्या जेवणात तो मोठा सोबती असतो. गार स्वयंपाकघरात यीस्टची कणीक फुगायला दुप्पट वेळ घेते आणि लोक घाबरून यीस्ट वाढवतात. वाढवू नका. हाच संथपणा बाहेर जायच्या संध्याकाळी उपयोगी पडतो. निघायच्या आधी कणीक मळा, झाकून गार जागी ठेवा, परत आल्यावर घडी घालून फ्रिजमध्ये टाका आणि दुसऱ्या दिवशी भाजा. सावकाश फुगलेल्या पावाला चव जास्त येते. भाजलेला पाव मात्र फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिजच्या तापमानाला पिठातला स्टार्च बाहेरच्यापेक्षा लवकर कडक होतो, म्हणून पाव तिथे जास्त लवकर शिळा होतो. काप करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि गोठलेलाच काप तव्यावर टाका.

आता बाहेर जेवणं. रेस्टॉरंट हा शब्दच थंडीला जवळचा आहे. फ्रेंचमध्ये त्याचा मूळ अर्थ ताकद परत देणारा, आणि अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये हे नाव होतं मांसाच्या आटवलेल्या सूपचं. ते सूप विकणाऱ्या जागांनाच पुढे ते नाव चिकटलं. म्हणजे दमलेल्या माणसाने गरम वाडगा समोर घेऊन बसायची जागा. बाहेर जेवायला जायचा दिवस निवडताना मी हेच डोळ्यांपुढे ठेवते. आठवड्यातला सगळ्यात दमवणारा दिवस कोणता, त्या दिवशी जा. सुट्टीच्या आदल्या रात्री सगळं शहर बाहेर पडलेलं असतं, स्वयंपाकघरावर ताण असतो, आणि तिथल्या उत्तम आचाऱ्याच्या हातूनही घाईत वाढलं जातं. मधल्या वाराची संध्याकाळ किंवा दुपारचं जेवण, दोन्ही मला जास्त समाधान देतात.

मागवायचं काय, यावर माझं मत ठाम आहे: घरी जे होऊच शकत नाही ते. लाकडाच्या भट्टीत ४०० अंशांच्या वर तापमान जातं, घरातला ओव्हन बहुतेकदा २५० ला थांबतो. म्हणून भट्टीतला पिझ्झा बाहेर खावा. प्रचंड ज्योतीवर कढईत मिनिटभरात परतलेल्या भाज्या-नूडल्स, भरपूर तेलात दोनदा तळलेले बटाटे, लोण्याचे पदर घालून दोन दिवस खपून केलेला पफ, चार जणांसाठी ज्याला बारा घटक लागतात असा पदार्थ, हे बाहेर. महिनाभर घरी रस्से खाऊन बाहेरही रस्साच मागवला तर त्या संध्याकाळीतून नवं काय मिळणार? एक अपवाद करते. एखाद्या ठिकाणचं सूप नावाजलेलं असेल तर ते मागवते आणि लक्ष देऊन चाखते: दाटपणा कशाचा आहे, आंबटपणा कुठून आलाय, शेवटी वर काय घातलंय. त्यातली एक गोष्ट पुढच्या आठवड्याच्या भांड्यात येते. माझ्या स्वयंपाकातल्या निम्म्या सुधारणा अशाच आल्या आहेत.

जेवण आणि नाटक एकाच दिवशी असेल तर क्रम महत्त्वाचा. माझा क्रम आधी नाटक, मग जेवण. आधी जेवायला बसलं की डोळा सारखा घड्याळाकडे जातो, शेवटचा पदार्थ उशिरा येतो, धावतपळत खुर्ची गाठावी लागते आणि भरल्या पोटी उबदार अंधारात पहिला अंक पेंगुळतो. एकदा एका जागी मुख्य पदार्थ यायला इतका वेळ लागला की आम्ही निम्मं ताट टाकून उठलो आणि तरीही पहिला प्रवेश हुकला. शिवाय उरलेल्याचा प्रश्न. बांधून घेतलेला डबा तीन तासांच्या खेळात मांडीवर किंवा गाडीत राहिला तर दोन तासांची मर्यादा ओलांडली. तो घरी नेऊन खाऊ नये. नाटकानंतर जेवलात तर डबा सरळ फ्रिजमध्ये जातो, आणि जेवताना बोलायला नाटक असतं. रात्री उशिरापर्यंत स्वयंपाकघर चालू आहे ना, एवढं मात्र आधी फोन करून विचारा. निघण्यापूर्वी दोनेक तास आधी काहीतरी हलकं पोटात घाला, वाटीभर सूप आणि पावाचा तुकडा पुरतो.

गाण्याच्या मैफलीचं वेगळं आहे. ती कधी संपेल ते सांगता येत नाही आणि संपावी असंही वाटत नसतं. त्या दिवशी जेवण घरीच, आधी, आणि कांदा-लसूण बेताने. शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचाही विचार हवा. सोबत थर्मास न्या. उकळतं पाणी पाच मिनिटं भरून ठेवलेल्या, मग रिकाम्या केलेल्या थर्मासमध्ये गाळलेलं कडकडीत सूप मध्यंतरापर्यंत छान गरम राहतं, जिथे नेऊ देतात तिथे. सिनेमा मी मुद्दाम दुपारचा घेते, कारण थंडीत अंधार लवकर पडतो आणि दुपारी जाऊन आलं की संध्याकाळ घरच्या भांड्याला मोकळी राहते.

चौथ्या आठवड्यात सगळ्यांचाच उत्साह ओसरतो. त्याची तयारी पहिल्याच आठवड्यात करायची असते. पहिल्या तीन आठवड्यांतल्या सहा भांड्यांपैकी तीन भांडी थोडी मोठी चढवा आणि प्रत्येकातून चार जणांचं एक जेवण पहिल्याच रात्री, ताजं असतानाच, फ्रीझरमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं ठेवण्यात अर्थ नाही, त्याची उमेद तोवर संपलेली असते. गोठताना पाणी साधारण ९ टक्के फुगतं, म्हणून डबा काठोकाठ भरू नका, दोन बोटं जागा सोडा. काचेची बरणी असेल तर जास्तच. बटाट्याच्या फोडी गोठवल्यावर स्पंजासारख्या होतात, तेव्हा बटाटा असलेलं सूप घोटूनच ठेवा. दही-साय घातलेले पदार्थ फाटतात, ते शेवटी घालायचे. डब्यावर पदार्थ आणि तारीख लिहा, पंधरा दिवसांनी सगळे डबे सारखेच दिसतात. उणे १८ अंशांवर दोन-तीन महिने चवीत फारसा फरक पडत नाही.

असे तीन डबे हाताशी असले की चौथ्या आठवड्यात आठव्या भांड्याची गरज पडत नाही, आणि त्यातून वाचलेली संध्याकाळ तुम्ही कॅलेंडरवर मोकळी सोडू शकता. माझ्या घरी ती बहुधा शेवटच्या कार्यक्रमाची असते. निघताना एक डबा फ्रीझरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवते, म्हणजे तो हळूहळू सैल होऊ लागतो. रात्री साडेदहाला दार उघडलं की कोट काढायच्या आधी डबा पातेल्यात उलटा करते, अर्धी वाटी पाणी घालते आणि झाकण ठेवते. बाजूच्या शेगडीवर तव्यावर गोठलेले पावाचे काप. पंधरा-वीस मिनिटांत मधोमध उकळी फुटते, वरून लसणाची फोडणी पडते, आणि नाटकावरचं बोलणं अजून चालू असतानाच गरम वाडगे हातात येतात.